हॉल तिकिटाचा नंबर

उस्मानिया विद्यापीठाचा निकाल बघायला हॉल तिकिटाचा नंबर पुरतो. हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या कितीतरी मराठी घरांत आई तो परीक्षेच्या सकाळीच फोनमध्ये टिपून ठेवते. तिथून तो काकाकडे, मामाकडे जातो. मुलगी अजून वर्गातच असते आणि तिच्या बॅकलॉगची बातमी पार नांदेडला पोचलेली असते.

मुलगी 19 वर्षांची आहे. तिला मत देता येतं, पण स्वतःचे गुण घरच्यांच्या आधी बघता येत नाहीत. पालकांचं म्हणणं एकच: फी आम्ही भरतो. हे ऐकलं की कॉलेजच्या खिडकीवरचा कारकूनही हजेरीचं रजिस्टर वडिलांपुढे सरकवतो.

फी भरली म्हणून असा हक्क मिळत नाही. महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं की परीक्षार्थी हा विद्यापीठाचा ग्राहक नव्हे. बरं, ग्राहक म्हणूनच बोलायचं, तर 2019चा ग्राहक कायदा पैसे भरणाऱ्याच्या संमतीनं सेवा घेणाऱ्यालाही ग्राहक मानतो. तिथेही मुलीला वगळता येत नाही. पुट्टस्वामी खटल्यात 2017 साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. 2023च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही पालकांची संमती लागते ती 18 वर्षांखालच्यांसाठी.

पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या बापाची काळजी खरी आहे. मुलाच्या जिवाला धोका दिसला, तर कॉलेजनं त्याच क्षणी घरी फोन केलाच पाहिजे. पण आपलं नापास होणं मामाच्या तोंडून ऐकावं लागलेली मुलगी पुढच्या वेळी घरात तोंड उघडत नाही, आणि नेमकी तेव्हाच तिला घराची सर्वांत जास्त गरज असते.

गौलीगुड्याजवळच जामबागेत 1907 साली सुरू झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे. ती उभी करणाऱ्या केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीनं निजामाच्या राज्यात शिक्षणासाठी झीज सोसली, ती मुलं स्वतःच्या पायांवर उभी राहावीत म्हणून.

कॉलेजांनी प्रवेशअर्जातच रकाना ठेवावा: हजेरी, गुण, फीची थकबाकी यांतलं काय कुणाला कळवायचं, ते विद्यार्थ्यानं लिहून सही करावी. वडील खिडकीवर आले, तर मुलीला सोबत आणायला सांगावं. आणि विद्यापीठानं निकाल दाखवण्याआधी विद्यार्थ्याच्याच मोबाइलवर ओटीपी पाठवावा.