फोच्या वाटीवर फतवा काढण्याआधी

"व्हिएतनामी हॉटेल? तौबा! तिथं सगळं डुकराचंच." असं आपल्यात किती सहज बोललं जातं. मग हो ची मिन्ह शहरातल्या डोंग डू मशिदीत येणारे नमाजी उपाशी झोपतात काय? ती मशीद १९३५ साली दक्षिण हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमानांनी बांधली. आसपास हलाल खाणावळी आहेत, तिथं फोही मिळतो. मेकाँगच्या खोऱ्यातले चाम मुसलमान तर आपल्या कोकणी बांधवांसारखेच शाफई. शेजारी डुकराचं सॉसेज करतात म्हणून त्यांनी सॉसेजच सोडलं नाही, गोमांसाचं केलं. त्याला ते 'तुंग लो मो' म्हणतात.

फो म्हणजे तांदळाच्या शेवया आणि हाडं तासन् तास उकळून केलेला, दालचिनी-चक्रीफुलाचा रस्सा. पाया खाणाऱ्यांना हा परका कसा? नुओक माम म्हणजे मांदेलीच्या कुळातली मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं पाणी. सुकट खाणाऱ्यांनी त्याच्या वासाला तरी नावं ठेवू नयेत!

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही बंद, तेव्हा इथली वाटी बहुधा कोंबडीची. पण दारावर 'नो पोर्क' वाचून डोळे मिटून आत शिरणं हाही आळसच. कोंबडी कुणी, कशी कापली? रस्स्यात दुसरी हाडं आहेत का? तेल वेगळं आहे का? गल्ल्यावर विचारावं, मन भरलं नाही तर उठावं. असं विचारून जेवणाऱ्याला 'फार मॉडर्न झालात' म्हणणारे मात्र नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर यातलं एकही विचारत नाहीत.