किल्ल्याचा आडोसा आणि पाण्याचा दाब

नायगावच्या चाळीत राहणारे, मूळचे मालवणकडचे सदुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ गेल्या पंधरवड्यात छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आले. नातवंडांबरोबर मालवणला स्कूबा करण्याचा बेत ठरला होता. अर्जात रक्तदाब, दमा, हृदयविकार यांविषयी प्रश्न होते. त्यांचे म्हणणे एकच, "डॉक्टर, सगळीकडे 'नाही' लिहितो. सिंधुदुर्गाच्या आडोशाला पाणी विहिरीसारखं शांत असतं. लहानपणी तिथेच पोहायला शिकलो." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला आहे.

आडोसा लाटांपासून मिळतो, दाबापासून नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे टाकीतून घेतलेला श्वास रोखून कोणी घाबरून वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकते. पर्यटकांना सहसा याहून उथळच नेतात. पण दाबातील सापेक्ष फरक वरच्या थरातच सर्वांत मोठा असतो, त्यामुळे उथळ म्हणून निर्धोक असे समजू नये. श्वास चालू ठेवणे हा पहिला नियम त्यासाठीच. सर्दीने कान बंद असतील तर उतरूच नये.

हृदयाचे गणित निराळे आहे. पाण्यात शिरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते, गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरील भार वाढतो. दुबळ्या हृदयाच्या माणसाच्या फुफ्फुसांत अशा वेळी पाणी साचू शकते, आणि ते होते पाण्याखाली, बोलून सांगण्याची सोय नसताना.

तांत्रिक डुबकी मारणारे लोक चाळीस मीटरच्याही खाली, मिश्र वायू घेऊन जातात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून ते टप्प्याटप्प्याने थांबत वर येतात. हे थांबे हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये मांडले. एवढी तयारी असणारे ते लोक स्वतःचा आजार मात्र लपवत नाहीत, आणि आपण एका सहलीसाठी लपवतो!

घरच्यांसाठी दोन गोष्टी. डुबकीनंतर चिपीहून विमानाने परतायचे असेल, तर एका डुबकीनंतर किमान 12 तास, अनेक डुबक्यांनंतर 18 तास जाऊ द्यावेत. आणि त्या दिवशी सांधे दुखले, अंगावर चट्टे उठले, हातपाय बधिर झाले किंवा चक्कर आली, तर दमणूक म्हणून सोडू नये. रुग्णालयात नेऊन प्राणवायू द्यायला लावावा आणि डुबकी मारली होती हे प्रथम सांगावे.

माझ्या गृहस्थांनी काहीशा रागानेच अर्जात खरे लिहिले. हृदयरोगतज्ज्ञांकडे त्यांची ताणचाचणी येत्या मंगळवारी आहे. निकाल प्रतिकूल आला तर नातवंडे पाण्याखाली असतील तेव्हा आपण होडीत बसून राहू, असे त्यांनी जाताना सांगितले. मात्र होडी किल्ल्याजवळच लावायची, ही त्यांची अट आहे.