प्रेशर गेजची सुई आजच बघा

कोल्हापूरकरांनो, आज घरी गेल्यावर लिफ्टचं बटण दाबण्याआधी तळघरात उतरा. तळघर नसेल तर पार्किंगच्या कोपऱ्यात बघा. लाल पाईप आणि दोन-तीन मोटरी असलेली एक खोली सापडेल. कुलूप असेल तर किल्ली मागा. वॉचमन म्हणतो सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी म्हणतात वॉचमनकडे, असं झालं तर हे आवाहन तुमच्यासाठीच आहे.

आत गेल्यावर पाईपवरच्या प्रेशर गेजची सुई बघा. ती शून्यावर असेल तर पाईपात पाणी नाही, किंवा दाब नाही, किंवा गेजच बिघडलंय. तिन्हीपैकी काहीही असलं तरी छतातले स्प्रिंकलर आज भरवशाचे नाहीत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली वास्तू, तीही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री! सगळं गाव हळहळलं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. त्याआधी २८ सप्टेंबर २०२० ला पहाटे सीपीआर रुग्णालयाच्या ट्रॉमा केअर विभागात आग लागली आणि धुरातून रुग्ण हलवावे लागले. अशा प्रत्येक आगीनंतर ‘फायर ऑडिट’चा गजर आठ-पंधरा दिवस चालतो, मग थंडावतो.

कायदा मात्र थंडावलेला नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. ‘बिल्डरनं बसवली, आम्हाला काय माहीत’ हे उत्तर चालत नाही. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. दुखणं असं की पुष्कळ ठिकाणी हा नुसता कागदाचा व्यवहार झालाय. माणूस येतो, चहा पितो, पेटीवर स्टिकर चिकटवतो आणि बिल पाठवतो. पाण्याचा थेंब कुठं सांडत नाही.

थेंब सांडला नाही म्हणजे चाचणी झालीच नाही, एवढं धरून चाला. खरी चाचणी कशी होते ते नीट बघा. स्प्रिंकलरच्या पाईपलाईनच्या अगदी शेवटच्या टोकाला, पंपापासून सगळ्यात लांब, एक चाचणी व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की एक स्प्रिंकलर फुटल्यावर जेवढं पाणी जाईल तेवढंच बाहेर पडतं. आधी काळसर, गंजाचं पाणी येईल. घाबरू नका, तेच बघायचंय. खाली गेजची सुई उतरायला लागते आणि छोटा जॉकी पंप सुरू होतो. दाब आणखी पडला की मुख्य पंप कुणी हात न लावता आपोआप धरला पाहिजे. धोक्याची घंटा वाजली पाहिजे आणि ती वॉचमनच्या खुर्चीपर्यंत ऐकू आली पाहिजे. मग मुख्य पंपाची वीज बंद करायला सांगा आणि डिझेल पंप असेल तर तो आपसूक उचलतो का बघा. तिथं बॅटरी मेलेली आणि टाकीत डिझेलचा वासही नाही, असं निघालं तर आश्चर्य मानू नका. हे सगळं तुमच्यापैकी दोघांनी उभं राहून बघावं, मगच सही करावी.

आगीच्या वेळी स्प्रिंकलर न चालण्याचं अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलेलं सगळ्यात मोठं कारण फारच साधं आहे: व्हॉल्व्ह आधीच बंद केलेला असतो. आपल्याकडेही वेगळं काय होतं? गळती लागते, प्लंबर व्हॉल्व्ह बंद करून जातो, पुन्हा उघडायचं राहून जातं. तो उघडा ठेवून साखळी-कुलूप घाला.

स्प्रिंकलरची भीती मात्र सोडा. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुटत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते. सर्रास दिसणारी लाल नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते, तीही जिथं आग आहे तिथलीच. उदबत्तीच्या धुरानं काही होत नाही. पण रंगाऱ्यानं त्या नळीवर डिस्टेंपर फिरवला असेल, हौसेच्या पीओपीमागं ती गाडली गेली असेल किंवा दुकानदारानं साड्यांचे गठ्ठे छताला भिडवले असतील, तर ती वेळेवर फुटणार नाही, फुटली तरी पाणी आगीपर्यंत पोचणार नाही. महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांनो, गोदामात मालाच्या आणि स्प्रिंकलरच्या मधे हातभर तरी जागा सोडा.

शाहूपुरी, नागाळा पार्क आणि नदीच्या बाजूच्या वस्त्यांना आणखी एक सांगणं आहे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी ज्या तळघरांत शिरलं, तिथले पंप, पॅनेल आणि वायरिंग नंतर कुणी उघडून तपासले का? पुराचा गाळ काढला, गाड्या धुतल्या. फायर पंप मात्र तसाच कोरडा करून सोडून दिला असेल, तर तो आधी तपासून घ्या.

खासगी दवाखाने, अंबाबाईच्या देवळाभोवतालचे लॉज आणि यात्री निवास, वरच्या मजल्यावरचे क्लास आणि अभ्यासिका, यांनी तर पुढच्या जानेवारी-जुलैची वाटच बघू नये. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आगीत नवजात बाळं गेली. सुरतच्या तक्षशिला इमारतीत २४ मे २०१९ ला क्लासला आलेली २२ मुलं गेली. पळता न येणारी माणसं आणि एकच जिना असलेल्या जागा कुठं आहेत, ते आपापल्या गल्लीत ओळखा.

‘पाणी वाया जातं’ म्हणणाऱ्यांनी चाचणीचं पाणी पिंपात धरून झाडांना घालावं. ‘खर्च परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी गणपतीच्या साउंड सिस्टीमचं बिल काढून शेजारी ठेवावं, मग बोलू. इमारतीत स्प्रिंकलर नसतील तर हायड्रंट आणि होज रीलचं पाणी सोडून बघा. नियम त्यांनाही तोच आहे.

या रविवारी सोसायटीची बैठक लावा. मागची दोन ‘ब’ प्रमाणपत्रं टेबलावर मागा आणि एजन्सीचा परवाना चालू आहे का तपासा. पाणी सोडून चाचणी करायची तारीख तिथंच ठरवा, लिफ्टशेजारी लिहून लावा. कमिटी टाळाटाळ करत असेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.