‘परत एकदा रन कर, होईल!’

आपल्या होस्टेलवर कुठल्याही टेक्निकल प्रॉब्लेमवर एकच औषध चालतं: ‘परत एकदा रन कर, होईल!’ गंमत म्हणजे बऱ्याचदा होतंही. माझं म्हणणं असं, की हे ‘होणं’च आपला घात करतं.

माझ्या रूममेटने गेल्या सेमिस्टरला जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं ठरवलं. पार्टिशन लहान करताना टूल ‘इनपुट/आउटपुट एरर’ दाखवून थांबलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा झालं! ‘मार परत’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. पंधरा दिवसांनी मिनी प्रोजेक्टचा फोल्डर उघडेना, आणि त्याच्या आजीचे फोटोही गेले. प्रोजेक्ट आम्ही रात्री जागून परत केला. फोटोंचं काय करणार? आजी आता नाहीत.

नंतर डिस्कचा ‘स्मार्ट’ रिपोर्ट काढला. त्यात १९७ नंबरची नोंद असते, वाचता न आलेल्या ‘पेंडिंग’ सेक्टरांची. ती शून्य हवी, इथे नव्हती. डिस्क असा सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते. कधी जमतं, कधी नाही. म्हणजे टूल बिचारं खरं बोलत होतं, आम्हीच ऐकलं नाही.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक एररला एवढं काय घाबरायचं? बरोबर आहे. लिनक्समध्ये नवीन पार्टिशन केल्यावर त्याची डिव्हाइस फाइल तयार व्हायला क्षणभर लागतो. त्याआधीच फॉरमॅटची कमांड गेली तर ‘अशी फाइलच नाही’ असं उत्तर येतं, आणि दुसऱ्यांदा सगळं सुरळीत होतं. हे निरुपद्रवी. पण डेस्कटॉपची केबल सैल असली तरी काम कधी होतं, कधी नाही. तेव्हा स्मार्टमधला १९९ नंबरचा आकडा वाढत जातो. रॅम खराब असेल तर आणखी वाईट! पार्टिशन सरकवताना डेटा रॅममधूनच जातो, आणि एकही एरर न येता चुकीचा उतरू शकतो.

लक्षण एकच, ‘दुसऱ्यांदा झालं’. कारणं मात्र चार. कुठलं ते एरर वाचल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून एवढंच करा. एररचा मोबाइलवर फोटो काढा. डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कचं दुसरं पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. स्मार्ट रिपोर्ट बघा, शंका असेल तर रात्रभर मेमटेस्ट लावा. मगच परत रन करा.

आणि सर-मॅडम, एक विनंती तुम्हालाही. लॅबमध्ये आउटपुट आलं की जर्नलवर सही मिळते. व्हायवात एकदा विचारून बघा ना, ‘पहिल्या दोन वेळा का आलं नव्हतं?’ आमची बोलती बंद होईल, पण इंजिनिअरिंग तिथूनच सुरू होईल.