वाघिणीच्या तासाला दर आहे, ट्रकच्या तासाला का नाही?




खरीप जवळ आला की मालधक्क्यांवर खताच्या रेक लागायला सुरुवात होते आणि बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या रांगेचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. ट्रकचालकांची बेशिस्त, रहिवासी हैराण, असे मथळे असतात. रहिवाशांचा त्रास खराच आहे. पण ती रांग लागते कशी हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. बावीस वर्षं मी मालधक्क्यांवर गाड्या लावण्याचं काम करतो. सहा गाड्या स्वतःच्या, बाकीच्या इतरांच्या. नाशिक, पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, मिरज, नागपूर, सगळीकडे आमच्या गाड्या जातात आणि सगळीकडे रांग एकाच कारणानं लागते.

आधी हिशेब मांडतो. ४२ बंद वाघिणींची रेक साधारण २,६०० टन माल आणते. ५० किलोची गोणी धरली तर ५२,००० गोण्या. दहाचाकी गाडीत ३६० गोण्या, म्हणजे १८ टन, भरल्या तर जवळपास १४५ खेपा होतात. रेक रिकामी करायला रेल्वे साधारण ९ तास देते. म्हणजे दर पावणेचार मिनिटांना एक भरलेली गाडी धक्क्यावरून हलली पाहिजे. मुदत संपली की वाघिणीमागे तासाला १५० रुपये हा विलंब शुल्काचा मूळ दर लागू होतो. ४२ वाघिणींचे तासाला ६,३०० रुपये झाले, आणि उशीर वाढत गेला की दरही चढतो. धक्क्यावर याला सगळे डॅमरेज म्हणतात. माल उतरवून घेणारा ठेकेदार या डॅमरेजला घाबरून असतो आणि त्याची भीती मला पटते.

पण त्याच ठेकेदाराला ट्रक उभा करून ठेवायला एक पैसा लागत नाही. गोदाम दहा-बारा किलोमीटरवर असेल तर एक गाडी तीन-चार खेपा करते, चाळीस-पन्नास गाड्यांत काम भागतं. धक्क्याला एका वेळी लागतात वीसेक गाड्या. तरीही फोन जातो ऐंशी गाड्यांना, तोही पहाटे पाचला या म्हणून, कारण रेक सहाला लागेल असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. जादा गाड्या बोलावल्यानं बोलावणाऱ्याचं काहीच जात नाही. एखादी कमी पडली तर मात्र त्याला भुर्दंड. त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. रांगेचं मूळ इथं आहे, ड्रायव्हरच्या बेशिस्तीत नाही.

मागच्या एका जूनमधली गोष्ट सांगतो. धक्क्याचं आणि ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं दुखणं नाही. डीएपी खताची रेक येणार होती. आमची गाडी पहाटे साडेचारला जाऊन उभी राहिली, नंबर लागला सदतिसावा. सहा वाजले, नऊ वाजले, बारा वाजले. रेक मागच्याच एका स्टेशनात उभी होती. ती धक्क्याला लागली दुपारी पावणेचारला. पाऊस सुरू होता, त्यामुळे ताडपत्री धरूनच माल काढायचा. माथाडींची टोळी तरी काय करणार, तेही सकाळपासून बसून होते. गाडी भरून निघाली रात्री अकराला. तोपर्यंत ड्रायव्हर सकाळच्या चहा-पावावर होता, आणि जवळच्या हॉटेलात संडासाला जायचं तर आधी काहीतरी विकत घ्यावं लागत होतं. पुढे घाटात त्याचे डोळे मिटायला लागले तेव्हा शहाणपणानं त्यानं गाडी बाजूला घेतली आणि झोपला. सकाळी तालुक्याच्या गोदामावर पोचला तर त्या दिवशी गोदाम बंद. एका दिवसाच्या खेपेला तीन दिवस गेले. भाडं एका खेपेचंच मिळालं. हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मागितले तर उत्तर आलं, रेक काय आमच्या हातात आहे का?

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला आणि त्यात कामाचा दिवस आठ तासांचा सांगितलेला होता. रांगेतले अकरा तास कुठल्या वहीत लिहायचे, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

रेक कधी येईल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, हे मान्य. मालगाडीला प्रवासी गाड्यांसाठी बाजूला थांबावं लागतं, हेही मान्य. पण रेक कुठे आहे हे रेल्वेला दर घडीला माहीत असतं. फॉइस या संगणक प्रणालीत ती दिसते, माल पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही तिची माहिती मिळते. मिळत नाही ती फक्त ट्रकवाल्याला. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक शहराचा एक दरवाजा असतो. भुसावळकडून नाशिकला येणारी रेक मनमाडवरून येते, छत्रपती संभाजीनगरला जाणारीही मनमाडलाच वळते. सोलापूरकडून पुण्याला येणारी दौंड ओलांडते. मुंबईकडून नागपूरला जाणारी वर्ध्यावरून जाते. वाडीकडच्या कारखान्यांतलं सिमेंट सोलापूरला येतं तेव्हा वाडी सुटल्याची खबर पुरेशी आहे. रेकनं हा दरवाजा ओलांडला की पहिल्या वीस गाड्यांना निरोप जावा, त्या धक्क्याला लागल्या की पुढच्या विसांना. मोबाइलवर एक संदेश, याहून जास्त काही लागत नाही. फास्टॅग आणि ई-वे बिल आम्ही ट्रकवाल्यांनी शिकून घेतलं, हेही शिकू.

पण नुसत्या निरोपानं भागणार नाही, हे अनुभवानं सांगतो. थांबण्याला दर लागल्याशिवाय ऐंशी गाड्या बोलावणं बंद होणार नाही. दिलेल्या वेळेनंतर तीन तासांच्या पुढे गाडी उभी राहिली तर तासाप्रमाणे हॉल्टिंग मिळावं आणि ते बिल्टीवर आधीच छापलेलं असावं. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’, म्हणजे हमाली मालवाल्यानं द्यावी, ही आमची जुनी मागणी आहे. ज्यानं बोलावलं त्यानंच थांबण्याचे पैसे द्यावेत, ही तिचीच पुढची पायरी.

आमच्या बाजूचंही लिहिलं पाहिजे. बऱ्याच धक्क्यांवर स्थानिक संघटनेच्या गाड्यांनाच माल मिळतो, बाहेरची गाडी आली तर परत पाठवतात. नंबर धरण्यासाठी आमचेच लोक आदल्या रात्री गाडी आणून लावतात, कारण आधी येणाऱ्याला आधी माल ही पद्धत आम्हीच घालून दिली. वेळ ठरवून गाड्या लागणार असतील तर हा नंबर सोडावा लागेल, आणि संघटनेच्या बैठकीत मी ते तोंडावर बोललो आहे. तिथं टाळ्या पडल्या नाहीत.

शहरांतल्या नो एंट्रीचंही बघावं लागेल. जुने मालधक्के आज भर वस्तीत आले आहेत. रेक संध्याकाळी पाचला लागली आणि नो एंट्री पाच ते नऊ असली, तर नऊपैकी चार तास तिथंच बुडाले. त्या रेकच्या, वेळ दिलेल्या गाड्यांना पोलिसांनी ठरावीक रस्त्यानं पास द्यावा. मोजक्या वीस गाड्या ये-जा करणं रहिवाशांनाही ऐंशी गाड्या दारात उभ्या असण्यापेक्षा बरं.

राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा हिस्सा ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंत सुमारे १,५०० किलोमीटरचा मालगाड्यांचा वेगळा मार्ग त्याआधीच आखला गेला होता. रेल्वेनं जास्त माल न्यावा, आमचा त्याला विरोध नाही. शेवटचे दहा किलोमीटर तो माल आमच्याच गाडीत येणार आहे. पण हजार किलोमीटर वेगानं आलेला माल धक्क्याबाहेर अकरा तास अडकत असेल, तर कारखानदार पुन्हा थेट रस्त्यानंच पाठवेल. तसं तो आजही करतो आहे.

येत्या खरिपात एखाद्या धक्क्यावर महिनाभर हे करून बघावं, अशी रेल्वेच्या विभागीय अधिकाऱ्यांना आणि ठेकेदारांना विनंती आहे. मनमाडच्या अलीकडचा कुठलाही चालेल. दिलेल्या वेळेला माझ्या सहाही गाड्या हजर असतील, आणि त्या महिन्यात मी नंबर लावणार नाही.

आपला,
एक ट्रकमालक, नाशिक जिल्हा