जुनेपणाचा मुलामा

जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याकडे निघालात की महामार्गाच्या कडेला अलीकडे एक नवीच 'जुनी दुनिया' दिसू लागते. दारात फायबरची बैलगाडी, भिंतीला विटांचे चित्र छापलेला कागद, छताला कंदील आणि कंदिलात विजेचा दिवा. टेबले म्हणे सागवानी. पण कडेची पट्टी नखाने जरा उचकटली, की खाली गोंदात दाबलेला भुसा दिसतो. शेवभाजी अस्सल, कळण्याची भाकरी अस्सल. नकली आहे ती फक्त बसायची जागा.

पूर्वीच्या वळणाचे हॉटेल काढावेसे वाटणे यात गैर काही नाही. आजोबा-नातू एका टेबलाशी बसून जुन्या गोष्टी काढतात, हे चांगलेच आहे. माझी तक्रार निराळी आहे. जुने दिसावे म्हणून आपण सगळे नवे विकत घेतो, आणि तेही थोड्या वर्षांत फेकून द्यावे लागेल असे. खरे जुने मात्र दाराशी पडून असते.

खानदेशात 'धाबे' म्हणजे मुळात जेवणाचे ठिकाण नव्हेच. धाबे म्हणजे घरावरचे मातीचे सपाट छप्पर. ते पेलायला सागाच्या तुळया आणि खांब लागत, आणि साग द्यायला सातपुडा जवळ होता. आता चोपडा, अमळनेर, पारोळ्याच्या गल्ल्यांतून ही घरे एकेक करून उतरवली जात आहेत. जागेवर स्लॅब पडतो आणि तुळया घनफुटाच्या भावाने व्यापाऱ्याकडे जातात. अनेक दशके छताखाली वाळलेले हे लाकूड सहसा वाकत नाही, पिळत नाही. त्यातले नैसर्गिक तेल वाळवीला दूर ठेवते. त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही, हा आणखी एक लाभ. सुतार कुरकुरतो, कारण आत दडलेले खिळे करवतीचे दात खातात. मजुरी जास्त पडते हे खरे. पण तो पैसा गावातल्या कारागिराच्या हातात जातो.

बँकेत असताना हॉटेलांचे कर्जप्रस्ताव पुष्कळ वाचले. 'फर्निचर व फिक्स्चर्स' या सदराखालचा आकडा नेहमी गुबगुबीत असे. धंदा बसला आणि सामान विकायची वेळ आली, की त्या आकड्याचे खरे रूप कळे. भुशाच्या फळीला कोणी हात लावत नसे. सागाच्या बाकाला मात्र गिऱ्हाईक मिळे. टिकाऊपणा हा शब्द पर्यावरणवाल्यांनी आणण्याआधी तारण पाहणाऱ्याला ठाऊक होता!

मुंबईची इराणी हॉटेले पाहा. क्यानी १९०४ साली निघाले, ब्रिटानिया १९२३ साली. तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचे घराणे व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटचे. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ साली बाजारात आली: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या बसत. पाय मोडला तर पाय बदला, बैठकीची वेताची जाळी फाटली तर पुन्हा विणा. साच्यातली प्लास्टिकची खुर्ची तडकली की तिची वाट भंगाराकडेच.

मात्र इराण्याचे संगमरवरी टेबल डोळे मिटून उचलू नये. चहा-मस्क्याला ते शोभते. आपल्या काळ्या मसाल्याच्या तर्रीत तेल आणि हळद असते. संगमरवर ते पिऊन टाकतो, आणि लिंबाचा थेंब त्याची झळाळी खातो. त्यापेक्षा ओट्यांच्या कामातून उरलेले ग्रॅनाइटचे तुकडे दगडवाल्याकडे स्वस्तात मिळतात. जमिनीसाठी रंगीत नक्षीची सिमेंटची फरशी घ्यावी. स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स ही कंपनी १९२२ साली निघाली ती याच फरशीसाठी. ती भट्टीत भाजत नाहीत; दाबून, पाण्यात ठेवून पक्की करतात. जळण वाचते.

खुर्च्या-खांबांना चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश द्यावे. ओरखडा उठला तर एक हात मारून भागते. गरम कपाचे पांढरे वर्तुळ मात्र त्यावर उमटते, म्हणून टेबलाच्या माथ्याला ते नको. जवसाचे बेलतेलही उत्तम, फक्त तेलाचे बोळे ढिगात टाकू नयेत, आपोआप पेटतात.

जुने ते सगळे सोने, असेही नाही. तारेचा साठ वॅटचा दिवा जेवढा उजेड देतो, तेवढा आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो, आणि तसाच तारेचा भास करून देणारे एलईडी मिळतात. इथे नकलेला माझी हरकत नाही. जुन्या दारांवरच्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे शिशाचे ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा? असे दार कोरडे घासू नये. ती धूळ मुलांच्या मेंदूला बाधते. ओले करून खरवडावे, आणि तेही मुले जवळ नसताना. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जाणाऱ्या आपल्या मुलखात गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा. ऊन परतते, विजेचे बिल उतरते.

एक भीती मनात आहे. जुन्या लाकडाला भाव आला, की धडधाकट वाडेही पाडले जातील. म्हणून हॉटेलवाल्याने खांब घेताना विचारावे, की घर आधी पडले की गिऱ्हाईक आधी आले. आणि एखादा वाडा अजून उभा असेल, तर तो भाड्याने घेऊन तिथेच पंगत का मांडू नये? खांब हलवायला नको, महिरप नव्याने करायला नको. सांडपाणी, आगीपासून सुरक्षिततेची व्यवस्था आणि गाड्या लावायला जागा, एवढी तीन कामे अवघड आहेत. फायबरच्या बैलगाडीचे पैसे तिकडे वळवावेत.