छायाचित्रातला सँडो

बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो. हे नाव युजेन सँडो (१८६७–१९२५) या बलवान पुरुषावरून आले. १८९४ साली एडिसनच्या स्टुडिओत त्याचे चलच्चित्र घेतले गेले. ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यातील त्याची छायाचित्रेही फार गाजली. १९०५ साली तो हिंदुस्थानात आला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी काही वर्षे सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला आणि पुढे सूर्यनमस्काराचा प्रसार केला. मर्द कसा ‘दिसावा’ हे ठरवण्यात आखाड्याबरोबर कॅमेराही वाटेकरी झाला तो याच काळात.

आज आमच्या जळगाव जामोदची मुलेही मोबाईलवर अशी छायाचित्रे पाहतात आणि आरशासमोर खट्टू होतात. “सर, माझे दंड असे का दिसत नाहीत?” असे कोणी विचारले, की मी त्याच्या हाती टॉर्च देतो.

तुम्हीही प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत भिंतीवर समोरून टाका. भिंत सपाट दिसेल. आता टॉर्च भिंतीलगत धरा. प्रत्येक उंचवटा सावलीसह उठून दिसेल! प्रकाशकिरण पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करीत असतील, तर १ मिलिमीटर उंचवट्याची सावली १ मिलिमीटर पडते. १० अंशांच्या कोनात तीच सुमारे ५.७ मिलिमीटर होते. स्नायू तेच, बदलली ती दिव्याची जागा. अंगाला तेल लावले, की प्रकाश आरशासारखा परावर्तित होऊन उंचवटे चकाकतात.

अंतराचेही तसेच. कॅमेऱ्यापासून चेहरा १ मीटरवर आणि मूठ अर्ध्या मीटरवर असेल, तर मूठ चेहऱ्याच्या मानाने दुप्पट मोठी उमटते. शिवाय छायाचित्रापूर्वी वजने उचलून स्नायू रक्ताने फुगवलेले असतात. ती फुगवटी थोड्याच वेळात ओसरते.

माझे मत स्पष्ट आहे. व्यायाम जरूर करा, पण छायाचित्राला मोजपट्टी मानू नका. त्या मोहापायी काहीजण स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. त्यांनी हृदय व यकृत यांना इजा होऊ शकते. वाढत्या वयात हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंची खुंटू शकते. ‘मर्दानी’ दिसण्यासाठी घेतलेल्या याच औषधाने वृषणे आक्रसतात, हे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

बाजारात ५० किलोचे पोते दीड मीटर उचलणारा हमाल दर वेळी सुमारे ७३५ जूल कार्य करतो. त्याचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही. कॅमेरा प्रकाश टिपतो, जूल नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी असे चित्र पाहाल, तेव्हा आधी विचारा : दिवा कोठे होता? कॅमेरा किती जवळ होता? मगच आरशाकडे वळा.